तापलेले छप्पर आणि घसरती फरशी : घराला लावायच्या लेपांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातील गोष्ट. दुपारी चारच्या सुमारास एक तरुण आपल्या आईला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आला. बाई साठीच्या. अंग चटचट तापलेले, त्वचा कोरडी, बोलणे असंबद्ध. स्वतःच्या मुलाला ओळखेनात. काखेत तापमापक लावला तर पारा १०५ च्याही पुढे. उष्माघात स्पष्ट होता. अंगावर पाणी ओतत, वारा घालत त्यांना आम्ही मोठ्या रुग्णालयात हलविले. पाचव्या दिवशी त्या घरी परतल्या, हे त्यांचे व आमचे नशीब.

मुलाला मी विचारले, "उन्हात कुठे गेल्या होत्या?" तो म्हणाला, "कुठं न्हाई ओ डॉक्टरसाहेब. सकाळधरनं घरातच विड्या वळत बसली होती. घरातच ऊन लागतंय का ओ?"

लागते. पूर्व भागातील ती दहा बाय बाराची खोली मी नंतर पाहिली. वर पत्रा, एकच खिडकी, तीही मागच्या भिंतीला चिकटलेली. पत्रा डोक्यापासून हातभर उंचीवर. त्या घरात बसणे म्हणजे तव्याखाली बसणे होते.

पंधरा दिवसांनी तोच मुलगा एक रंगीत पत्रक घेऊन आला. पत्र्याला आतून फोम फवारून घ्या, घर थंडगार होईल, अशी ती जाहिरात होती. पैसे त्याने जमविले होते. त्याचा प्रश्न साधा होता, "हे मारून घेऊ का? आईला काही होणार न्हाई ना?" त्यानंतर असेच प्रश्न विचारणारी बरीच पत्रे या सदराकडे आली. कोणी फोमविषयी विचारतो, कोणी गच्चीच्या पांढऱ्या लेपाविषयी, कोणी फरशीवरच्या चकचकीत कोटिंगविषयी. वैद्यकाच्या सदरात घरबांधणीचे प्रश्न कशाला, असे कोणी म्हणेल. पण माणूस आयुष्याचा निम्म्याहून अधिक काळ छपराखाली काढतो, तेव्हा छप्पर आणि फरशी हाही आरोग्याचाच विषय आहे. निवडक प्रश्नांची उत्तरे आज देत आहे.

माळवद गेले, पत्रा आला

प्रश्न : आमच्या आजोबांच्या वाड्यात मे महिन्यातही गारवा असे. मग आताच घरे इतकी का तापतात?

उत्तर : आजोबांचे घर माळवदाचे असणार. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर हात-दीड हात जाडीचा पांढऱ्या मातीचा थर. दिवसभराचे ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होई. पण तीच माती काळ ठरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि दगड-मातीच्या भिंती व जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. त्या रात्रीचा हादरा सोलापुरातही अनेकांच्या स्मरणात आहे. त्यानंतर लोकांनी जड छपराची धास्ती घेतली आणि पत्रा व स्लॅब यांचा स्वीकार केला. ती भीती योग्यच होती. म्हणून गारव्यासाठी पुन्हा पत्र्यावर मातीचे ढीग चढवा, असे मी कोणालाही सांगणार नाही. छप्पर हलके हवे आणि थंडही हवे, हा आजचा प्रश्न आहे.

लोखंडी पत्रा भर उन्हात साठ अंश सेल्सिअसच्या वर तापू शकतो. तो खालच्या माणसाकडे सतत उष्णता फेकत राहतो. आपले शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते. पण भोवतालची हवाच चाळीस अंशांच्या पुढे गेली की पंखा गार वारा न देता भट्टीचा झोत अंगावर फेकतो. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला असा की चाळीस अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नये. म्हातारी माणसे, तान्ही मुले, मधुमेहाचे व हृदयविकाराचे रुग्ण आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणारे हे आधी बळी पडतात.

स्लॅबची तऱ्हा निराळी. पत्रा सूर्य मावळला की लवकर निवतो. स्लॅब दिवसभर उष्णता साठवितो आणि मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. दिवसा थकलेल्या शरीराला रात्री सावरायची संधीच मिळत नाही.

फोम म्हणजे काय?

प्रश्न : पत्र्याला आतून मारतात तो फोम विषारी असतो काय?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल : फवारताना होय, पूर्ण घट्ट झाल्यावर बहुतांशी नाही.

हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. दोन पिंपांतील दोन द्रव समप्रमाणात बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात. त्यांपैकी एक आयसोसायनेट, दुसरा पॉलिओल. एकत्र येताच ते काही सेकंदांत अनेक पटींनी फुगतात आणि पत्र्याला घट्ट चिकटून बसतात. आत असंख्य बारीक बुडबुडे तयार होतात. हे बुडबुडेच उष्णता अडवितात. गोधडीत ऊब टिकते ती कापडांच्या थरांत कोंडलेल्या हवेमुळे. येथे तेच तत्त्व उलट्या कामी येते.

धोका आहे तो आयसोसायनेटचा. फवारताना त्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, छाती भरून येते. कामामुळे जडणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत जगभर या रसायनाची गणना होते. वाईट गोष्ट अशी की एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोडा संपर्कही दम्याचा झटका आणू शकतो, आणि तो झटका कित्येकदा काही तासांनी, रात्री येतो. त्यामुळे रोग्याला आणि डॉक्टरलाही कारण उमगत नाही.

माझ्याकडे असा एक विशीतला मुलगा येत असे. रात्री दोनला धाप लागायची, सुट्टीच्या दिवशी बरे वाटायचे. घरात कोणाला दमा नाही. दोन-तीन भेटींनंतर मी विचारले, "काम काय करतोस?" गोदामांच्या पत्र्यांना फोम मारणाऱ्या टोळीत तो मदतनीस होता आणि तोंडाला रुमाल बांधून काम करीत होता. या तुषारांपुढे रुमालाचा किंवा साध्या कापडी मास्कचा काडीचा उपयोग नाही. त्याने ते काम सोडले. आज तो बरा आहे, पण दम्याचे औषध पूर्ण सुटलेले नाही.

प्रश्न : भोपाळमध्ये फुटला तो वायू हाच काय?

उत्तर : कूळ एक, पण वस्तू वेगळी. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जो पसरला तो मिथाइल आयसोसायनेट. तो सुमारे एकोणचाळीस अंशांवरच उकळतो, म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यातील दुपारी त्याची आपोआप वाफ होईल. फोममध्ये वापरतात तो आयसोसायनेट जड असतो आणि नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ फारच थोडी होते. त्यामुळे भोपाळसारख्या दुर्घटनेची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र बंदुकीतून तुषार करून उडविला की तोच जड द्रव फुप्फुसात पोहोचतो, हे विसरू नये.

प्रश्न : फोम मारल्यावर घरात राहायला केव्हा जावे?

उत्तर : काम चालू असताना घरातील एकही माणूस, पाळीव जनावर किंवा उघडे अन्न आत असता कामा नये. पिण्याचे पाणी, पिठाचे डबे, अंथरूण-पांघरूण बाहेर काढावे. काम संपल्यानंतर दारे-खिडक्या उघड्या ठेवून निदान एक पूर्ण दिवस-रात्र घर रिकामे ठेवावे. घरात दमेकरी, गरोदर बाई, तान्हे मूल किंवा वृद्ध असेल तर मी दोन-तीन दिवस सांगतो. लेक-जावयाकडे जाण्यास यापेक्षा चांगले निमित्त नाही. जादा फोम सुरीने कापून समतल करतात, त्याची धूळही ओल्या फडक्याने पुसूनच आत यावे.

आठवड्यानंतरही मासळीसारखा वास येत असेल किंवा फोम बोटाला चिकट लागत असेल, तर मिश्रणाचे प्रमाण चुकले असे समजावे. अशा फोमवर रंग मारून वास दाबू नये, तो खरवडून काढायला लावावा. एकाच वेळी फार जाड थर मारणेही वाईट. हे मिश्रण घट्ट होताना स्वतःच तापते. थर जाड झाला तर आतून करपतो, क्वचित पेटही घेतो. दोन बोटे जाडीचा एक थर, तो निवल्यावर दुसरा, ही रीत बरी.

आगीचा विचार आधी

प्रश्न : माझ्या घरातच दोन माग आहेत. वर पत्रा आहे. फोम मारावा काय?

उत्तर : हा प्रश्न विचारणाऱ्या वाचकाचे मी आभार मानतो, कारण जाहिरातीत याचा उल्लेख नसतो. पॉलियुरेथेन फोम जळतो. जळताना दाट काळा धूर, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू निघतात. आगीत माणसे भाजण्याआधी धुराने गुदमरतात. आग मंदावणारी द्रव्ये मिसळलेला फोम मिळतो, तोच घ्यावा. पण 'आग मंदावणारा' याचा अर्थ 'न जळणारा' असा होत नाही.

१८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा बळी गेला. त्यांत त्याच जागेत राहणारे कुटुंब आणि कामगार होते. फोमचा संबंध जोडण्यासाठी मी हे सांगत नाही. सूत, कापसाचे तंतू, विजेची यंत्रे आणि झोपण्याची जागा एकाच छपराखाली असली की बाहेर पडायला किती थोडा वेळ मिळतो, ते त्या दिवशी सोलापूरने पाहिले. जेथे माग चालतात किंवा सूत साठविलेले असते, अशा राहत्या जागेत उघडा फोम लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अन्य घरांत लावायचाच असेल तर तो आतून जिप्समच्या तक्त्यांनी झाकावा. चूल, शेगडी, देवघरातील समई यांच्या वर तो नको. विजेच्या जुन्या तारा फोमखाली गाडू नयेत. थर्माकोलच्या कमी खर्चाच्या छतालाही हेच नियम लागू आहेत, किंबहुना अधिक कडकपणे.

प्रश्न : फोममुळे घर बंदिस्त होते, ते चांगले ना?

उत्तर : गोदामाला चांगले, माणसाला नेहमीच नाही. पत्रा आणि भिंत यांच्यामधील फटीतून आजवर चुलीचा धूर आणि तंबाखूची धूळ बाहेर जात होती. फट बुजली की ती घरातच कोंडते. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणे तर जीवघेणे आहे. फोम लावाल तेव्हा समोरासमोर दोन झरोके हवेतच. दुसरे असे की पत्रा गळत असेल तर आधी तो दुरुस्त करा. फोमखाली गळती दिसत नाही. पत्रा वरून गंजतो, भिंतीत ओल मुरते, बुरशी धरते, आणि बुरशीने दमा बळावतो.

पत्रा सिमेंटचा असेल तर आणखी एक सावधगिरी. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतो. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर वीस-तीस वर्षांनंतरही कर्करोग उद्भवू शकतो. फोम नीट चिकटावा म्हणून असा पत्रा तारेच्या ब्रशने कोरडा घासणे किंवा कोरडाच कापणे अगदी वर्ज्य. तो शाबूत असेल तर त्याला छेडू नये. वरून रंगाचा लेप द्यावा.

स्वस्त आणि निर्धोक उपाय

प्रश्न : गरिबाने काय करावे?

उत्तर : वरची बाजू पांढरी करावी. काळा-गंजका पत्रा ऊन पितो, पांढरा ते परत फेकतो. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ साली उष्णतेपासून बचावाची योजना आखली आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. अशा छपराखालची खोली साधारण दोन ते पाच अंशांनी उतरते. आकडा लहान वाटतो, पण बेचाळीस आणि अडतीस यांत पंखा उपयोगी पडण्याचा फरक आहे, आणि आजाऱ्याच्या दृष्टीने तो जीवन-मरणाचाही ठरू शकतो.

चुन्यात थोडा पांढरा सिमेंट आणि डिंक मिसळून दोन हात दिले तरी एक उन्हाळा निघतो. ऐपत असेल तर पाण्यात मिसळणारा पांढरा लेप घ्यावा, तो काही वर्षे टिकतो. या लेपांना उग्र वास नसतो आणि ते घराबाहेर लागतात, हा आरोग्याच्या दृष्टीने मोठाच लाभ. गड्ड्याची यात्रा उरकली की हे काम काढावे आणि होळीपूर्वी पुरे करावे. आपल्याकडची धूळ लेप मळविते, म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडाला तो धुवावा. मात्र चुना विरविताना डोळे सांभाळा. तो उसळून डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते. तसे झाल्यास न चोळता वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरून मगच दवाखाना गाठावा. पत्र्यावर चढणाऱ्याने फळी टाकून चालावे. कुजलेल्या पत्र्यातून खाली पडलेले रुग्ण मी कमी पाहिलेले नाहीत.

स्लॅब असेल तर उपाय वरूनच करावा. खालून फोम लावला तरी स्लॅब तापायचा तो तापतोच. वरून पांढरा लेप किंवा पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी, तीही पाण्याचा उतार नीट ठेवून. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूची चटई किंवा कापडाचे दुसरे छत ताणले, तरी मधल्या हवेमुळे फरक पडतो. पत्र्यावर पाचट किंवा तुराट्या पसरण्याची जुनी रीत थंड खरी, पण दिवाळीच्या फटाक्यांत ती घर घेऊन जाते.

फरशीचे लेप

प्रश्न : शहाबादी फरशी खडबडीत झाली, सांधे उघडले. त्यावर एपॉक्सीचे कोटिंग करावे काय?

उत्तर : येथे मी डॉक्टर म्हणून बोलण्याआधी चुकलेला मुलगा म्हणून बोलतो. काही वर्षांपूर्वी माझ्या घराच्या पडवीतील शहाबादीवर मी असेच चकचकीत कोटिंग करून घेतले. आरशासारखी फरशी झाली. आल्यागेल्याने कौतुक केले. आई एकदा म्हणाली होती, "अरे, पाय ठरत नाही हिच्यावर." मी हसण्यावारी नेले. पहिल्याच पावसाळ्यात न्हाणीघरातून ओल्या पायाने येताना ती पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण त्यानंतर शेवटपर्यंत ती वॉकरशिवाय चालली नाही. चकचकीत फरशीची हौस माझी, मोडलेले हाड आईचे. रुग्णांच्या नातेवाइकांना 'घरात घसरण ठेवू नका' असे रोज सांगणारा मी, स्वतःच्या उंबरठ्याआत ते विसरलो.

म्हणून पहिला नियम : ज्या घरात साठीपुढचे माणूस आहे तेथे न्हाणीघर, पडवी आणि जिना यांवर गुळगुळीत लेप नको. करायचाच असेल तर लेप ओला असताना त्यावर बारीक वाळू पेरून तो खरखरीत करून घ्यावा. आधी हातभर जागेत नमुना करून घ्या, त्यावर पाणी ओता आणि जपून पाय ठेवून पाहा. पाय ठरला तरच पुढचे काम.

आता रसायनाविषयी. एपॉक्सीही दोन भागांचे असते. राळ आणि ती घट्ट करणारे द्रव्य. घट्ट होण्यापूर्वी दोन्ही कातडीला वाईट. हाताला लागले की काहींना लाल चट्टे, खाज, पाणी सुटणे असा त्वचादाह होतो, आणि ही ॲलर्जी जन्मभर राहू शकते. म्हणून रबरी हातमोजे हवेत. हात थिनरने धुऊ नयेत, थिनर रसायनाला कातडीत अधिक खोल नेतो. साबण-पाणी वापरावे. एका दिवसात लेपावर चालता येते, पण तो पूर्ण मुरायला आठवडा लागतो. तोवर रांगते मूल त्यावर सोडू नये. पूर्ण घट्ट झालेला लेप सहसा अपाय करीत नाही.

खाली ओल असेल तर लेप फुगून सुटतो. त्याची सोपी परीक्षा अशी : हातभर प्लास्टिकचा तुकडा फरशीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करावा आणि दुसऱ्या दिवशी उचलून पाहावा. आतून दव धरलेले दिसले तर लेपाचा विचार सोडावा. नवा सिमेंटचा कोबा असेल तर अठ्ठावीस दिवस तरी थांबावे.

प्रश्न : लेपापूर्वी फरशी ॲसिडने धुवायला सांगतात. चालेल काय?

उत्तर : शक्यतो टाळा. धुतलीच तर दारे-खिडक्या उघडून, ॲसिड पाण्यात ओतून (पाणी ॲसिडमध्ये नव्हे) आणि डोळ्यांना चष्मा लावून. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. ॲसिड आणि कपड्यांचे ब्लीच किंवा जंतुनाशक पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. न्हाणीघर चकचकीत करण्याच्या नादात अशी मिसळ करून खोकत आलेल्या गृहिणी मी पाहिल्या आहेत. अशा वेळी आधी मोकळ्या हवेत यावे, नंतर दवाखाना. घासण्याच्या यंत्राने फरशी किंवा कोबा कोरडा घासणेही वाईट. दगडाच्या धुळीतील सिलिका फुप्फुसात साठते. पाणी मारूनच घासायला लावावे.

पाण्याच्या टाकीला आतून कोणताही लेप लावायचा असेल तर तो पिण्याच्या पाण्यासाठी योग्य असल्याचे डब्यावर पाहूनच घ्या. बंद टाकीत उतरणाऱ्या माणसाला एकट्याला सोडू नका. वाफेने तो आत बेशुद्ध पडला तर वरच्याला कळणारही नाही.

ठेकेदाराला काय विचारावे?

चार प्रश्न पुरेत. डब्यात काय आहे आणि त्याचे सुरक्षापत्रक कोठे आहे? तुमची माणसे तोंडाला काय लावतात? आम्ही घरात परत केव्हा यायचे? आग लागली तर हे कसे जळते? चारही प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा ठेकेदार बहुधा काम नीट करतो. 'काही होत नाही ओ' एवढेच म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा.

उष्माघात ओळखा

छप्पर थंड होईल तेव्हा होवो, हे आजच ध्यानात ठेवा. अंग अतिशय तापलेले आणि माणूस बरळतो आहे, ओळखत नाही किंवा झोपाळला आहे, तर उष्माघात समजा. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत आणून कपडे सैल करा, सर्वांगावर पाणी ओता आणि वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळ्यांनी हा ताप उतरत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. मी त्याला म्हटले, "बाबा, तुमच्या खोलीत चूल आहे, तंबाखू आहे, झरोका एकच आहे. फोम तुमच्यासाठी नाही. तेच पैसे तीन ठिकाणी वाटून टाक." त्याने पत्रा वरून पांढरा केला. खाली चटईचे छत ताणले. समोरच्या भिंतीत आडव्या सळ्यांची दुसरी खिडकी पाडली. तरीही बरेच पैसे उरले, त्यात त्याने आईसाठी कुलर घेतला. यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी मी मुद्दाम गेलो. बाई सुपात पाने घेऊन विड्या वळत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "बसा ओ डॉक्टर, औंदा घरात बसायला येतंय."

वाचकहो, आपल्या घरी दुपारी तीन वाजता छपराखाली कोण बसलेले असते, ते एकदा पाहा. लेपाचा डबा त्यानंतर निवडा.